बेळगावच्या उन्हाळ्यात बाग: वेळ, सावली आणि डबा

कुठल्या बागेत जायचं हे नंतर बघा, किती वाजता जायचं ते आधी ठरवा. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे, त्यामुळं एप्रिल-मेमध्येही सकाळच्या हवेत गारवा असतो. हा गारवा नऊ-साडेनऊनंतर टिकत नाही. साडेसहाला बागेत पोचायचं आणि साडेनऊला सतरंजी गुंडाळायची, नाहीतर सरळ संध्याकाळी पाचनंतर जायचं. सुट्टी आहे म्हणून सावकाश उठून, नाश्ता करून दहाला निघालात तर पोचेपर्यंत घसरगुंडी तापलेली असते आणि अर्ध्या तासात मुलं ‘घरी चला’ म्हणून मागं लागतात.

घसरगुंडीवर किंवा झोपाळ्यावर मुलाला बसवण्याआधी हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला ती तिथं ठेववत नसेल तर मुलाच्या मांडीला नक्की चटका बसणार. लोखंडी पत्रा तर तापतोच, पण प्लॅस्टिकची गडद रंगाची घसरगुंडीही चटका बसण्याइतकी तापते आणि तिच्याकडं बघून ते कळत नाही.

आता सावली. सकाळी सूर्य पूर्वेला, म्हणजे झाडाची सावली पश्चिमेला पडते. दिवस वर येईल तशी ती बुंध्याकडं सरकते. म्हणून सकाळी सतरंजी बुंध्याच्या पश्चिमेला, पण बुंध्याजवळच अंथरायची. सावलीच्या कडेला अंथरलीत तर तासाभरात उन्हात याल. संध्याकाळी याच्या उलट. आपल्याकडं मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावलीही दिसेनाशी होते. त्या दिवसांत भिंतीच्या आडोशाचा दुपारी काही उपयोग नाही, वर पसरलेली फांदीच हवी. मुलांना अंगणात काठी रोवून हे दाखवा, पाच मिनिटांत दिसतं.

झाड निवडताना वड, चिंच, करंज, आंबा यांना पहिली पसंती. करंजाला ऐन उन्हाळ्यात नवी पालवी असते, सावली गच्च मिळते. गुलमोहर फुललेला सुंदर दिसतो, पण तेव्हा पानं विरळ असतात आणि त्याची फांदी ठिसूळ, वाऱ्यात मोडते. निलगिरीखाली सावली नावालाच. आंब्याखाली बसण्याआधी वर नजर टाका: पानं शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी दिसली तर दुसरं झाड बघा. बागेत सकाळी पाणी मारलेलं असतं, तेव्हा सतरंजीखाली ताडपत्रीचा तुकडा घ्या.

शहरात शिवाजी उद्यान, महाद्वार रोडचं संभाजी उद्यान आणि कॅम्पातला मिलिटरी महादेव मंदिराचा परिसर ही लहान मुलांना सोयीची ठिकाणं. संध्याकाळी गर्दी होते, म्हणून चालायला नुकतीच लागलेली मुलं असतील तर सकाळ बरी. टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो हे आमच्या मते उन्हाळ्यासाठी सगळ्यात चांगलं. खेळणी हा तिथला मुद्दाच नाही, जुनी मोठी झाडं हा आहे. एकेकाळी इथं देवीची लस तयार व्हायची, हे मोठ्या मुलांना सांगण्यासारखं आहे. टिळकवाडीतच वीरसौध आहे. 1924 साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाची ती आठवण. एका सकाळी दोन्ही होतात. किल्ल्यात कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, बघायची तर तीही सकाळीच. दगडी फरशी दुपारी अनवाणी पायाला सोसत नाही.

भुतरामनहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात दार उघडताच आत शिरा. ऊन चढलं की वाघ-सिंह सावलीत पडून राहतात, मुलांना शेपटीच दिसते. साप्ताहिक सुट्टीचा वार आधी विचारून घ्या. गोकाकचा धबधबा उन्हाळ्यात बारीक असतो आणि खडक तापतो, तो पावसाळ्यासाठी राखून ठेवा. राकसकोप किंवा हिडकलच्या जलाशयावर किंवा खानापूरला मलप्रभेच्या काठी गेलात तर मुलांना पाण्यात उतरवू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याखाली गाळ आणि अचानक खोल जागा असतात.

डब्याचं बोलू. उन्हाळ्यात दहीभात न्यायचा तर दही कालवून नेऊ नका, दोन-तीन तासांत आंबट होतो. दूध घालून न्यायचा, म्हणजे विरजण वाटेत लागतं. चार माणसांना दीड वाटी तांदूळ, साडेचार वाट्या पाणी, भात गुरगुट्या शिजवा. गरम असतानाच डावेनं घोटून घ्या. कोमट झाला की दोन वाट्या उकळून कोमट केलेलं दूध, एक मोठा चमचा ताजं दही आणि मीठ घाला. वरून मोहरी, जिरं, कढीपत्ता, आलं, हिरवी मिरची यांची फोडणी. दुपारी अडीचला कालवलेला भात साडेसहाला बरोबर लागलेला असतो. दोन चुका नेहमी होतात: भात गरम असताना दही घातलं तर विरजण मरतं आणि भात नुसताच दुधाळ राहतो, दूध कमी पडलं तर चार तासांनी गोळा होतो. उरलेला भात परत घरी आणून खाऊ नका.

सकाळच्या फेरीला भाकरी, चटणी आणि घट्ट दही पुरेसं, नाहीतर भडंग. चुरमुऱ्याचं भडंग कितीही वेळ टिकतं, पण कांदा-कैरी वेगळ्या डबीत न्या, नाहीतर सादळतं. कलिंगड घरी कापू नका. अख्खं न्या, सुरी न्या, तिथंच कापा. खानापूर-जांबोटीकडच्या बायका पानाच्या द्रोणात करवंदं विकायला बसतात, ती घ्याच, पण मिठाच्या पाण्यात धुऊन.

तीन तासांना मोठ्या माणसाला एक लिटर, मुलाला अर्धा लिटर पाणी, शिवाय हात धुवायला वेगळं. बाटलीला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला ठेवलीत तर पाणी गार राहतं. मुलं खेळात तहान विसरतात, म्हणून दर वीस मिनिटांनी हाक मारून दोन घोट पाजा. सहा महिन्यांखालच्या बाळाला पाणी द्यायचं नाही, अंगावरचं दूध जास्त वेळा पाजायचं.

मूल अचानक गप्प झालं, डोकं दुखतं म्हणालं, मळमळायला लागलं, तर खेळ बंद. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, मान, काख आणि जांघेवर ओली फडकी ठेवा, घोटघोट पाणी द्या. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्याच चमच्यानं; मीठ जास्त झालं तर अपाय होतो, म्हणून हे घरीच मोजून भरून न्या. अंग तापलेलं आणि मूल भलतंसलतं बोलतंय किंवा ओ देत नाही, अशा वेळी तोंडात पाणी घालू नका. 108 ला फोन करा आणि ओल्या फडक्यांनी अंग पुसत राहा.

मोठ्या झाडावर किंवा किल्ल्याच्या कपारीत आग्यामोहोळ दिसलं तर तिथून लांब बसा. जवळ धूर करू नका, मुलांना दगड मारू देऊ नका. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून पळा आणि गाडीत किंवा बंद खोलीत शिरा.

एप्रिलच्या मध्यापासून संध्याकाळचा बेत वळवावर अवलंबून असतो. दुपारी उकाडा वाढला आणि ढग काळे भरून आले की चारच्या पुढं कधीही वारा सुटतो, मग विजा, क्वचित गारा. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, की लगेच उठायचं. सतरंजी राहिली तरी चालेल. झाडाखाली, उघड्या मंडपात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका, पक्क्या इमारतीत किंवा काचा बंद केलेल्या चारचाकीत जा. दुचाकीवर असाल तर जवळच्या पक्क्या इमारतीत आसरा घ्या. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या आणि मगच बाहेर पडा. तेव्हाही गुलमोहराखालून जाऊ नका, मोडलेली फांदी वर लटकून राहिलेली असू शकते.