मोजायला बसण्यापूर्वी मीटरलाही आकृतीत जागा द्यावी

सर्किट टेबलावर मांडण्याआधी त्याची आकृती कागदावर काढावी आणि जिथे मापन करायचे आहे तिथे मीटरही एक रोध म्हणून रेखाटावा, कारण जोडल्या क्षणापासून तो त्या परिपथाचाच एक घटक झालेला असतो. व्होल्टमीटर असेल तर तो समांतर जोडलेला मोठा रोध असतो, अमीटर असेल तर एकसर जोडलेला लहान रोध. अपेक्षित वाचनही त्याच कागदावर आधीच लिहून ठेवावे. आकडा पाहून मग केलेले गणित त्या आकड्याच्या बाजूने झुकते, निदान माझे तरी झुकते.

त्यानंतर माहितीपत्रकातून मीटरचा अंतर्गत रोध शोधून काढावा. बऱ्याच डिजिटल मल्टिमीटरमध्ये डीसी व्होल्टसाठी तो सुमारे 10 मेगाओहम असतो. काट्याच्या मीटरच्या तबकडीवर मात्र तो ‘ओहम प्रति व्होल्ट’ असा छापलेला असतो, त्यामुळे 20,000 ओहम प्रति व्होल्टचा मीटर 10 व्होल्टच्या रेंजवर केवळ 200 किलोओहमचा ठरतो. हा फरक किती महाग पडतो ते एकदा स्वतः पाहून घ्यावे. 10 व्होल्टच्या पुरवठ्यावर 1 मेगाओहमचे दोन रोध एकसर जोडले, तर खालच्या रोधावर 5 व्होल्ट असायला हवेत. पण तिथे डिजिटल मीटर 4.76 दाखवतो आणि काट्याचा मीटर जेमतेम 1.43. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नाही, कारण तो तो मीटर जोडलेला असताना त्या रोधावर खरोखरच तेवढेच विभवांतर उरलेले असते. दोन्ही रोध 1 किलोओहमचे घेतले तर काट्याचा मीटरसुद्धा 4.99 व्होल्टच्या जवळ येतो.

म्हणून मापनबिंदूवरून दिसणारा स्रोतरोध, म्हणजे मीटरच्या जागेवरून पाहता बाकीच्या परिपथाचा एकूण रोध, काढून ठेवावा. वरच्या उदाहरणात 1 मेगाओहमचे दोन्ही रोध तिथून समांतर दिसतात, म्हणून तो 500 किलोओहम आहे. मीटरचा रोध त्याच्या शंभरपट असेल तर चूक एका टक्क्याच्या आत राहते. तितका नसेल तर वाचनाला ‘एक अधिक स्रोतरोध भागिले मीटररोध’ या संख्येने गुणावे, जसे 4.76 ला 1.05 ने गुणले की 5 मिळतात. स्रोतरोध काढणे अवघड असेल तेव्हा उपयोगी पडावा म्हणून 10 मेगाओहमचा एक सुटा रोध हाताशी असू द्यावा. तो मीटरला समांतर लावल्यावर आकडा लक्षणीय उतरला, तर पहिला आकडाही उतरलेलाच होता असे समजावे. काट्याच्या मीटरवर नुसती रेंज बदलून हीच परीक्षा होते.

धारा मोजायची असेल तर तयारी अधिक काळजीने करावी लागते. अनेक साध्या डिजिटल मीटरमध्ये पूर्ण रेंजला शंटवर, म्हणजे धारा ज्यातून जाते त्या मीटरमधल्या लहान रोधावर, सुमारे 200 मिलिव्होल्ट पडतात, म्हणजे 200 मिलिअँपिअरच्या रेंजवर 1 ओहमचा शंट आणि 200 मायक्रोअँपिअरच्या रेंजवर चक्क 1 किलोओहमचा. फ्यूज आणि वायर यांचा रोध त्याखेरीज. मी एकदा 3 व्होल्टवर चालणाऱ्या सेन्सर बोर्डाची झोपेतली (वीज वाचवण्यासाठी काम थांबवलेल्या अवस्थेतली) धारा या दुसऱ्या रेंजवर मोजायला घेतली. झोपेत बोर्ड 20 मायक्रोअँपिअर घेत होता तोवर ठीक होते. पण जागे होताच त्याला 20 मिलिअँपिअर लागत आणि 1 किलोओहममधून 3 पेक्षा जास्त येऊच शकत नव्हते. बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होत राहिला आणि मी अर्धा दिवस प्रोग्रॅममधली चूक शोधत बसलो. आता मी बोर्ड झोपेपर्यंत मीटरची दोन्ही टोके तारेच्या तुकड्याने जोडून ठेवतो आणि मगच तो तुकडा काढतो.

ऑसिलोस्कोप वापरायचा असेल तर प्रोबवरचे बटण दहापटीवर (10X, म्हणजे सिग्नल दहापट कमी करून स्कोपला देणारे) आहे ना, हे आधी पाहावे. एकपटीवर केबलसह सुमारे 100 पिकोफॅरड कपॅसिटन्स सर्किटवर येते, आणि 10 मेगाहर्ट्झला त्याची बाधा अवघी 160 ओहम असते. दहापटीवरही 10 ते 15 पिकोफॅरड राहतातच, म्हणून ऑसिलेटरची वारंवारता ठरवणाऱ्या क्रिस्टलच्या पायावर प्रोब टेकवताच ऑसिलेटर बंद पडला तर क्रिस्टलला दोष देऊ नये. प्रोबची भरपाई (प्रोबवरचा लहान स्क्रू फिरवून केलेली जुळणी) चौकोनी तरंगाचे कोपरे सरळ दिसेपर्यंत जुळवून घ्यावी. प्रोबची ग्राउंड क्लिप बहुतेक स्कोपमध्ये अर्थिंगला जोडलेली असते, तेव्हा ती कुठे लावायची हे आकृतीतच ठरवावे.

रोध मोजताना पुरवठा बंद, कपॅसिटर रिकामे आणि घटकाचे एक टोक सुटे असावे. काही ओहमच्या आतला रोध असेल तर आधी दोन्ही वायरींची टोके एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करावा.

वहीत प्रत्येक वाचनाशेजारी मीटर आणि रेंज लिहावी. धारा मोजून झाल्यावर लाल वायर अँपिअरच्या खाचेतून काढून लगेच व्होल्टच्या खाचेत लावावी. ती तिथेच राहिली आणि पुढचे मापन पुरवठ्याच्या दोन टोकांवर झाले, तर जवळजवळ शून्य ओहमचा शंट थेट त्यांच्यामध्ये येतो, आणि म्हणून सुटा फ्यूजही टेबलावर असावा.