गोव्याच्या पावसाळ्यात पुस्तकं कशी सांभाळावीत

डांबराच्या गोळ्यांनी बुरशी जात नाही. त्या किड्यांसाठी असतात. कपाटात मूठभर गोळ्या टाकून निर्धास्त राहणाऱ्यांनी चवथीच्या साफसफाईला कपाट उघडलं की पुठ्ठ्यांवर हिरवट लव असतेच, वर डांबराचा वास. कडुनिंबाचा ताजा पाला तर त्याहून वाईट. पाल्यातलं पाणी आपणच आपल्या हाताने पुस्तकांत नेऊन ठेवतो.

बुरशी यायला छप्पर गळावं लागत नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकून राहिली की कागद हवेतूनच ओल ओढतो, आणि बुरशीला तेवढं पुरतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा आकडा बहुतेक वेळ ८० च्या पुढे असतो.

तयारी मे महिन्यात, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीची, खरेदी चालू असतानाच उरकावी. धूळ झटका. कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, सर्वांत खालचा कप्पा रिकामा ठेवा, पुस्तकं कोंबू नका. शक्य असेल तर आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र आत ठेवा. मोलाची पुस्तकं घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांसह जातील, पण कोरडी असतानाच. जुलैत डबा बंद केलात तर आत ओलच कोंडाल.

एवढं करूनही एखाद्या पुस्तकाला बुरशी लागतेच. खरं काम तिथून सुरू होतं, आणि मला सर्वांत जास्त झगडावं लागलं तेही इथेच. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात उभा राहिला. म्हणजे या हवेत छापील कागद सांभाळायचा अनुभव आपल्याला साडेचारशे वर्षांहून जास्त असायला हवा. तरी शेजारीपाजारी सल्ला एकच: ओल्या फडक्याने पुसून टाका!

अजिबात पुसू नका. ओली बुरशी चिकट असते. फडकं फिरवलं की ती कापडी बांधणीच्या विणीत आणि कागदाच्या तंतूंत जाऊन बसते आणि डाग कायमचा होतो. व्हिनेगर, फिनेल यांतही मुख्यतः पाणीच, तेव्हा तेही नको. हात शिवशिवतात, ठाऊक आहे. हात बांधून ठेवा.

आधी वाळवायचं, मग झाडायचं. हा क्रम उलटा करू नका. पुस्तक बाकीच्यांपासून वेगळं करा. हवा त्यातल्या त्यात कोरडी असेल तर पानं पंख्यासारखी थोडी पसरून ते सावलीत उभं करा. विजेच्या पंख्याचा झोत थेट पुस्तकावर सोडू नका, बुरशीचे बीजाणू घरभर उडतील. बाहेर धो धो पडत असेल तर पंखा ओलीच हवा फिरवतो. अशा वेळी पुस्तक सिलिका जेलच्या डब्यात कोंडून ठेवावं. इथे डबा साठवायला नाही, वाळवायला आहे, म्हणून जेल भरपूर घाला. जेल नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात आरोग्याला घातक असं कोबाल्ट असतं. नारिंगी खडे हिरवे पडले की ओव्हनमध्ये साधारण १२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा वापरता येतात. कडक उन्हात टाकायचा मोह आवरा. स्वस्त कागद पिवळा पडतो आणि पुठ्ठा वाकडा होतो.

लव भुरभुरीत झाली, पावडरीसारखी सुटू लागली, की मास्क लावून पुस्तक अंगणात न्या. रुंद, मऊ ब्रशने बांधणीकडून कडेकडे, स्वतःपासून दूर, हलक्या हाताने झाडा. दम्याच्या माणसाने हे काम दुसऱ्याकडे सोपवावं. मागे डाग राहिला तर राहू द्या. घासणाऱ्यांनी पानं फाडलेली मी पाहिली आहेत.

कौल सरकून पुस्तक चिंबच झालं तर घाई करायला हवी, कारण ४८ तासांत बुरशी धरू शकते. थोड्या थोड्या पानांमागे कोरा, शोषणारा कागद घाला आणि तो बदलत राहा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरचं पुस्तक असेल तर पानं ओली असतानाच एकेक सुटी करा. एकदा चिकटून वाळली की त्याची वीट झाली समजा. पूर्ण वाळायच्या जरा आधी पुस्तक बंद करून वजनाखाली ठेवा, म्हणजे पानं फार वाकत नाहीत.

पुस्तकं बरीच असतील आणि हात दोनच, तर प्रत्येक पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीत बुरशी वाढत नाही. मासेमारीबंदीसाठी साठवलेले बांगडे एका बाजूला सारा, घरच्यांची बोलणी खा, आणि फुरसतीने एकेक पुस्तक बाहेर काढून वाळवा.