क्वालिटीत नव्याने येणाऱ्यांसाठी: 'काल रिजेक्शन का वाढलं?' या प्रश्नाबद्दल

गुणवत्ता व्यवस्थापनाची सात तत्त्वं तुम्हाला पाठ आहेत, असं मी धरून चालते. ग्राहककेंद्रितता, नेतृत्व, लोकांचा सहभाग, प्रक्रियेची दृष्टी, सुधारणा, पुराव्यावर आधारलेला निर्णय आणि नातेसंबंध. आयएसओ ९००० या आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीआधी ती आठ होती. मुलाखतीत हटकून विचारतात, म्हणून सांगून ठेवते: 'सिस्टीम अप्रोच' हे वेगळं तत्त्व तेव्हा प्रक्रियेच्या तत्त्वात सामावून घेतलं. यापलीकडे त्या यादीवर मी वेळ घालवणार नाही. कारण नोकरी लागल्यावर ही सगळी तत्त्वं एकाच प्रश्नापाशी येऊन अडखळतात, आणि तो प्रश्न अभ्यासक्रमात कुठेच नसतो.

"काल रिजेक्शन (तपासणीत बाद झालेले नग) का वाढलं?"

सकाळची मीटिंग. पडद्यावर परवाचा आकडा, शेजारी कालचा. कालचा जास्त दिसला की सगळ्यांनी क्वालिटीकडे बघायचं, अशी रीतच असते. नवा माणूस धावतो. दुपारपर्यंत कारण हातात येतं: ऑपरेटर नवा होता, मटेरियल जरा कडक आलं, इन्सर्ट (कापणाऱ्या टूलचं बदलतं पातं) वेळेवर बदलला नव्हता. कारण सापडतंच, कारण शॉपफ्लोअरवर रोज काही ना काही घडतच असतं. मग उपाय लिहायचा, सही घ्यायची. दुसऱ्या दिवशी आकडा खाली येतो आणि सगळ्यांना वाटतं, उपाय लागू पडला. मी या चक्रात चांगली रुळले होते. माझी कारणं पटायची, मीटिंग लवकर संपायची, वरिष्ठ खूश असायचे. आणि वर्षाअखेरीला सरासरी जिथल्या तिथे.

आता जरा सावकाश सांगते. इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वरवरचं राहील.

समजा, तुम्ही रोज २०० नग तपासता आणि सरासरी ४ टक्के बाद होतात. म्हणजे दिवसाला ८. प्रक्रियेत काहीही बदललं नाही, माणसं तीच, मशीन तेच, माल तोच, तरी रोज बरोबर ८ निघणार नाहीत. किती इकडेतिकडे होतील? २०० गुणिले ०.०४ गुणिले ०.९६, त्याचं वर्गमूळ. उत्तर साधारण २.८. त्याची तिप्पट ८.३. सरासरीच्या दोन्ही बाजूंना ती मोजा. खाली शून्याच्याही खाली जातं, म्हणून शून्य धरा; वर १६. म्हणजे या प्रक्रियेत ० ते १६ पर्यंतचा कुठलाही आकडा, काही वेगळं न घडता, येऊ शकतो. परवा ५ आले, काल १३ आले. मीटिंगमध्ये हे "अडीच पटीहून जास्त वाढ" म्हणून मांडलं जाईल, लाल रंगात. प्रत्यक्षात दोन्ही दिवस एकच आहेत. त्या दोघांमधल्या फरकाला वेगळं कारण नाही. तुम्ही शोधलंत तर मिळेल, पण ते खरं नसेल.

ही कल्पना नवी नाही. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये जेमतेम एका पानाचं टिपण लिहिलं, त्यात कंट्रोल चार्टचा, म्हणजे रोजचे आकडे आणि त्यांच्या वरखालच्या मर्यादा दाखवणाऱ्या आलेखाचा, पहिला आराखडा होता. चार्ट काढायला आपण सगळेच शिकतो, सूत्रं परीक्षेला येतात. पण चार्ट कशासाठी, हे शिकवताना गडबड होते. तो कारण सांगत नाही. आज कारण शोधायला निघायचं की नाही, एवढंच तो सांगतो.

अजून पटत नसेल तर गुणवत्तेचे अमेरिकी तज्ज्ञ डेमिंग आपल्या शिबिरांत करायचे तो मण्यांचा प्रयोग आठवा. ४००० मणी, त्यातले ८०० लाल. ५० खळगे असलेली फळी पेटीत बुडवायची आणि वर काढायची. लाल मणी म्हणजे दोष. 'कामगार' बिचारे आलटून पालटून फळी बुडवतात. कुणाला ६ लाल येतात, त्याचं कौतुक. कुणाला १४ येतात, त्याला तंबी. हिशेब करा: सरासरी १०, आणि मर्यादा साधारण २ ते १८. म्हणजे ६ वाला आणि १४ वाला यांच्या कौशल्यात तिळाचाही फरक नाही. लाल मणी पेटीतच आहेत, आणि पेटी भरणारा मीटिंगच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलाय. लोक या प्रयोगावर हसतात आणि दुसऱ्या दिवशी 'महिन्याचा सर्वोत्तम ऑपरेटर' निवडतात.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ठीक आहे, फुकट कारणं शोधली, थोडा वेळ वाया गेला, नुकसान काय? नुकसान आहे, आणि ते मोजता येतं. डेमिंग यांचाच दुसरा प्रयोग नरसाळ्याचा. खाली लक्ष्याची खूण, वर नरसाळं, त्यातून गोटी सोडायची. नरसाळं न हलवता गोट्या सोडल्या की त्या खुणेभोवती पसरतात. आता दर वेळी गोटी जेवढी चुकली तेवढं नरसाळं उलट्या दिशेला सरकवा. ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना? पसाऱ्याचा व्हेरिअन्स, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशनचा वर्ग, दुप्पट होतो. स्टँडर्ड डेव्हिएशनमध्ये (वर वर्गमूळ काढून २.८ आलं, ते तेच) म्हणाल तर सुमारे ४१ टक्के वाढ. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) प्रत्येक नग मोजून लगेच ऑफसेट देणारा, म्हणजे टूलची जागा थोडी सरकवणारा, सेटर नेमकं हेच करत असतो, आणि तो सगळ्यात प्रामाणिक, सगळ्यात मेहनती माणूस असतो. त्याला आळशी सेटरपेक्षा जास्त रिजेक्शन येतं आणि त्याला ते का, हे कळत नाही. तुमच्या रोजच्या 'उपायां'चंही तेच. आज फीड कमी करा, उद्या वाढवा, परवा तपासणी दुप्पट करा. प्रत्येक हालचाल प्रक्रियेला आणखी एक हेलकावा देते.

टूल झिजत चाललंय आणि मोजमाप एकाच दिशेला सरकत चाललंय, तर ऑफसेट द्यायलाच हवा, हे वेगळं. म्हणूनच सांगते, "काहीच करू नका" असा अर्थ काढून माझ्या नावावर खपवू नका. उलट बाजूचा खड्डाही तितकाच खोल आहे. आकडा मर्यादेबाहेर गेला, किंवा सलग ८ बिंदू सरासरीच्या एकाच बाजूला आले, तरी "असं होतंच असतं" म्हणून बसणं. तेव्हा मात्र त्याच शिफ्टला, त्याच तासाला मशीनपाशी जा. दुसऱ्या दिवशी गेलात तर चिप्स झाडून झालेल्या असतात, लॉट संपलेला असतो आणि उरतात फक्त लोकांच्या आठवणी.

आणि चार्ट काढण्याआधी गेज तपासा. गेज आर अँड आर, म्हणजे मोजण्यातूनच येणारा फरक, १० टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत. ३० च्या वर असेल तर तुम्ही प्रक्रिया नव्हे, मोजणाऱ्याचा हात मोजताय. यावर जास्त लिहीत नाही, पुस्तकांत हे नीट असतं.

आता मग ८ च्या सरासरीचं काय? ती खाली आणायची तर कालच्या १३ कडे बघून उपयोग नाही, महिन्याभराचे सगळे दोष एकत्र ओतून वर्गवारी करावी लागते: कुठला दोष, साच्यातली कुठली कॅव्हिटी (पोकळी), कुठला पुरवठादार, कुठली शिफ्ट. गुणवत्तेचेच दुसरे तज्ज्ञ जुरान यांनी अचानक उसळलेला दोष आणि जुनाट नासाडी यांत फरक केला होता तो याचसाठी. पहिलं विझवायचं काम, दुसरं प्रकल्पाचं काम. जुनाट नासाडी कुणाच्या डोळ्यांत खुपत नाही, कारण ती बजेटमध्ये आधीच धरलेली असते. तिच्यावर काम करणाऱ्याला महिनोन्‌महिने दाखवायला काही नसतं. हे आधीच माहीत असू द्या, म्हणजे मधेच खचणार नाही.

इथे नेतृत्वाचा विषय येतो. डेमिंग यांचा स्वतःच्या अनुभवावरचा अंदाज असा होता की ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या असतात, म्हणजे व्यवस्थापनाच्या जबाबदारीतल्या, आणि ६ टक्के खास कारणांच्या. आकडा दशांशापर्यंत खरा मानायची गरज नाही, तो अंदाजच आहे. पण तुमच्या कंपनीतले करेक्टिव्ह ॲक्शनचे (दोषावरच्या उपायाचे) जुने फॉर्म काढून बघा. 'ऑपरेटरचे दुर्लक्ष, प्रशिक्षण दिले' हे वाक्य किती ठिकाणी आहे ते पाहा. माणूस चुकला हे कारण म्हणून लिहिणं मी बंदच करावं या मताची आहे. माणूस चुकला, बरं. मग ती चूक पुढच्या स्टेशनवर का पकडली गेली नाही? दोन वेगळे भाग एकाच फिक्स्चरमध्ये (नग धरून ठेवणाऱ्या साच्यात) उलटसुलट का बसतात? हे प्रश्न विचारले की उत्तर पैशांकडे, डिझाइनकडे, खरेदीकडे जातं, आणि तिथे सही करायचा अधिकार ऑपरेटरकडे नसतो, तुमच्याकडेही नसतो.

आयएसओ ९००१ या मानकाने २०१५ मध्ये मॅनेजमेंट रिप्रेझेंटेटिव्ह (गुणवत्ता व्यवस्थेसाठी व्यवस्थापनाचा प्रतिनिधी) नेमायची सक्ती काढून टाकली. ५.१ या कलमात व्यवस्थेच्या परिणामकारकतेचं उत्तरदायित्व थेट सर्वोच्च व्यवस्थापनावर ठेवलं. बऱ्याच ठिकाणी त्या पदाची पाटी बदलली आणि काम त्याच कनिष्ठ माणसाकडे राहिलं. तो कनिष्ठ माणूस बहुधा तुम्हीच असाल. तेव्हा ऑडिटच्या आधी रात्रभर फाइली रंगवण्यात गर्व वाटून घेऊ नका. तुम्ही जितक्या छान रंगवाल तितकं वरच्यांना त्यात लक्ष घालायची गरज उरणार नाही.

मीटिंगमध्ये बोलायचं कसं? वरिष्ठांना "तुमचा प्रश्नच चुकीचा आहे" असं म्हणून कुणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. "साहेब, यात काही खास नाही" हेही नको, ते टाळाटाळीसारखं ऐकू येतं. त्यापेक्षा दोन दिवसांच्या आकड्यांच्या जागी २५ दिवसांचा चार्ट लावा, मर्यादांच्या रेघांसह, आणि गप्प बसा. पहिले काही दिवस कुणी बघणार नाही. मग कुणीतरी विचारेल, या रेघा कसल्या? तेव्हा हिशेब सांगा, वर दिलाय तेवढाच. आणि लगेच पुढचं वाक्य तयार ठेवा: "रोजचा हा ८ कमी करायचा असेल तर अमुक दोषावर काम करावं लागेल, त्यासाठी मला अमुक दिवस मशीन हवंय." मागणी नसलेला चार्ट भिंतीवरच राहतो.

चार्ट सुरुवातीला हाताने काढा, आलेखकागदावर. सॉफ्टवेअर वाईट नाही, पण ते लाल ठिपका दाखवतं आणि आपण ठिपक्याकडेच बघतो. हाताने बिंदू मांडताना त्या दिवशी काय घडलं ते आठवतं, शेजारी लिहिलं जातं. ही माझी जुनाट खोड म्हणा.

दोन दिवसांत मिळणाऱ्या बेल्टांबद्दलही, म्हणजे सिक्स सिग्मा या सुधारणा-पद्धतीच्या प्रमाणपत्रांबद्दलही, माझं मत चांगलं नाही. सिक्स सिग्मा १९८६ च्या सुमारास मोटोरोलात उभं राहिलं ते प्रकल्पांवर. दहा लाखांत ३.४ दोष हा आकडा फडाफडा सांगणाऱ्याला विचारा, त्यात सरासरीची १.५ सिग्माची (स्टँडर्ड डेव्हिएशनची) सरक कुठून आली. उत्तर नसेल तर त्याच्याकडून पट्टा घेऊ नका. नोकरीसाठी प्रमाणपत्र लागत असेल तर जरूर घ्या, पोट सगळ्यांना आहे. फक्त त्याला शिक्षण समजू नका. मार्गदर्शक निवडताना पदनाम बघू नका. तुम्ही दोष सांगितल्यावर जो खुर्चीतून उठतो आणि "चल, बघू" म्हणतो, त्याच्या मागे राहा, मग तो निवृत्तीला आलेला इन्स्पेक्टर का असेना. बसल्या जागी फिशबोन (कारणांची माशाच्या काट्यासारखी आकृती) भरून देणाऱ्यापासून लांब.

एक खूण सांगते, ती कुठल्याही ऑडिटपेक्षा लवकर नेतृत्वाबद्दल सांगते. मोजमापांचा हिस्टोग्रॅम (कुठलं माप किती वेळा आलं ते दाखवणारा स्तंभालेख) काढा. वरच्या स्पेसिफिकेशन मर्यादेच्या अगदी आत नोंदींचा ढीग आणि मर्यादेच्या बाहेर एकदम शून्य, असं दिसलं तर तिथे कुणीतरी भीतीपोटी आकडे आत ढकलतंय. इन्स्पेक्टरला धरून झापू नका. तो बाद नग लिहितो तेव्हा त्याचं काय होतं, लाइन थांबली तर कुणाचा फोन येतो, हे आधी शोधा. डेमिंग यांच्या १४ मुद्द्यांत भीती घालवा हा मुद्दा आहे आणि घोषणाफलक काढून टाका हाही आहे. भिंतीवर 'शून्य दोष' लिहिलेलं असतं आणि दोष लिहिणाऱ्याला घाम फुटतो, तिथे तुमचा कुठलाही चार्ट खोट्या आकड्यांवरच उभा राहतो.

हे एकदम बदलणार नाही. नवे असताना ते बदलणं तुमचं कामही नाही, त्यामुळे रात्रीची झोप घालवू नका. एक मशीन, एक माप, एक प्रामाणिक चार्ट एवढं तुमच्या हातात असतं आणि सुरुवातीला ते पुरेसं आहे. वर्षभर तेवढंही करू दिलं नाही, आकडे बदलायला सांगितलं गेलं, तर दुसरीकडे अर्ज करा. पुढच्या मुलाखतीत शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" म्हणतात, तेव्हा विचारा: गेल्या सहा महिन्यांत एखाद्या दोषामुळे इथे फिक्स्चर, डिझाइन किंवा पुरवठादार बदलला का, आणि त्याला मंजुरी कुणी दिली? उदाहरण पटकन आलं तर बरं. खूप वेळ शांतता पसरून शेवटी ट्रेनिंग कॅलेंडर दाखवलं, तर पगार चांगला असला तरी दोनदा विचार करा.