घरी पोटाचं डायलिसिस असेल तर पावसाळ्याआधी काय काय करून ठेवायचं

बाबांचं घरी सीएपीडी (नळीतून पोटात डायलिसिसचं पाणी भरायचं आणि काही तासांनी काढून टाकायचं) सुरू झाल्यापासूनचा हा चौथा पावसाळा. मृग लागायच्या आधी आम्ही जे करतो ते लिहून काढतेय, कारण कोकणात, गोव्यात, खाली उडुपी-मंगळूरकडे पाऊस सुरू झाला की मातीतले काही जंतू वर येतात आणि ते कुणाच्या यादीत नसतात.

आधी बॅगांचं बघा. दिवसाला चार एक्स्चेंज (जुनं पाणी काढून नवीन बॅग भरणं) म्हणजे महिन्याला १२० बॅगा, त्यावर पंधरा दिवसांच्या ६० जास्तीच्या ठेवा, घाटात दरड पडली की गाडी येत नाही. खोकी जमिनीवर नकोत, उंच फळीवर नाहीतर वरच्या मजल्यावर. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात जे पाणी भरलं ते ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. लाईट जाते म्हणून बॅग गरम पाण्याच्या बादलीत बुडवून कोमट करायची सवय असेल तर ती आधी मोडा, ते पाणी जोडणीच्या टोकाला लागतं. कोरड्या उष्णतेनेच गरम करायची, त्यासाठी इन्व्हर्टर आत्ताच तपासून घ्या.

एक्स्चेंजच्या खोलीत गळती, ओल, बुरशी असेल तर मे मध्येच काम उरका. मास्क, खिडकी बंद, पंखा बंद, हे वर्षभराचंच. पण पावसात विहिरीचं पाणी गढूळ होतं, त्यामुळे हात धुवायला आणि एक्झिट साइटसाठी (नळी पोटातून बाहेर येते ती जागा) आम्ही उकळून गार केलेलंच पाणी वापरतो, हात स्वच्छ कोरड्या कागदाने पुसतो आणि मग सॅनिटायझर. पऱ्यावर, नदीवर अंघोळ पूर्ण बंद. ड्रेसिंग भिजलं की लगेच बदलायचं, रात्री बघू असं नाही.

आता माती. मेलिओइडोसिस नावाचा आजार आहे, १९१२ मध्ये व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी रंगूनमधून पहिल्यांदा नोंदवलेला. त्याचा जंतू चिखलात आणि साचलेल्या पाण्यात राहतो, पायाच्या भेगेतून, जखमेतून शिरतो, वादळी पावसात श्वासातूनही जातो. शुगर आणि किडनीचा आजार असलेल्यांना जास्त धोका, आणि आमच्या बाबांना दोन्ही आहे! म्हणून लावणीला बाबा शेतात उतरत नाहीत, बांधावरून बघायचं तरी गमबूट. भेगांना रोज रात्री मलम. मी स्वतः चिखलातून आले तर मागच्या पडवीत हातपाय धुवून, कपडे बदलून, मगच बॅगेला हात लावते.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गढूळ बॅग. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळची बॅग, म्हणजे पोटातून निघालेलं पाणी, गढूळ आली आणि मी घाबरून ती मोरीत ओतून टाकली, गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुढची बॅग घेऊन गेलो, तर कल्चरमध्ये (नमुन्यातले जंतू उगवून बघायची तपासणी) काहीच उगवलं नाही, कुठला जंतू ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाबा बरे झाले पण ते आठवडे मला अजून आठवतात. तेव्हा ड्रेन बॅगेखाली पेपर धरा, अक्षरं वाचता आली नाहीत तर ती बॅग तशीच बंद करून, अँटिबायोटिकच्या आधी, डायलिसिस सेंटरला घेऊन जा, रात्र असली तरी. पोट दुखायची किंवा ताप यायची वाट बघू नका. तिथे पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजतात, मायक्रोलिटरला १०० च्या वर आणि त्यात निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पेशी) असतील तर पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग, धरतात.

आणि तोंडाने सांगा की पेशंटचा मातीशी, पुराच्या पाण्याशी संबंध आला होता. मेलिओइडोसिसचा जंतू लॅबमध्ये कधी सुडोमोनास नावाचा साधा जंतू म्हणून, कधी बाहेरून मिसळलेला म्हणून सोडून दिला जातो, म्हणून मेलिओइडोसिस असू शकतो का, हे नाव घेऊन विचारा, डॉक्टरांना राग येत नाही. पेरिटोनायटिसमध्ये नेहमी देतात ते जेंटामायसिन त्यावर सहसा चालत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान दोन आठवडे आणि मग को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या तीन महिने तरी लागतात, किडनीप्रमाणे डोस डॉक्टर ठरवतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं की आजार उलटतो. तीन दिवसांनी कल्चर कोरं आणि बॅग अजून गढूळ असेल तर पुन्हा नमुना पाठवून टीबीच्या जातभाई जंतूंसाठी वेगळं कल्चर करायचं का ते विचारा, ते पाण्यातून येतात आणि उगवायला वेळ घेतात. कॅथेटर (पोटातली नळी) काढावा लागला तर त्याला नकार देऊ नका, काही जंतू नळीलाच धरून बसतात.

शेवटचं म्हणजे दाराजवळची पिशवी: फाईल, दोन मास्क, कॅप, एक नवीन बॅग, गढूळ बॅग न्यायला झाकणाचा डबा, पॉवर बँक, रोख पैसे, आणि ज्याची गाडी रात्री दोनला पण निघेल त्या शेजाऱ्याचा नंबर मार्करने वर मोठ्ठा लिहिलेला, कारण बाबांना चष्म्याशिवाय दिसत नाही.