गप्पीची अल्बिनो लाइन शुद्ध ठेवायची तर

बडोद्यात घरी गप्पी मासे पाळणाऱ्यांनो, अल्बिनो (फिकट रंगाच्या, लाल डोळ्यांच्या) माशांची लाइन, म्हणजे वंश, बिघडते ती माद्यांमुळे, कारण एकदा नर लागला की मादी त्याचं बीज कित्येक महिने साठवून ठेवते, मग तुम्ही कितीही भारी नर सोडा, पिल्लं जुन्याचीच निघू शकतात. म्हणून पिल्लं 3 आठवड्यांची झाली की रोज बघा, पोटाखालचा पर टोकदार व्हायला लागला की तो नर, लगेच वेगळ्या टाकीत.

अल्बिनो जीन रिसेसिव्ह आहे, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो, म्हणून अल्बिनो आणि शुद्ध साधा (ज्यात अल्बिनो जीन नाही असा) जोडला तर पहिली पिढी सगळी साधीच दिसते, ती प्लीज काढून टाकू नका, त्यांचीच आपसात जोडी लावा, साधारण 4 पैकी 1 अल्बिनो निघेल.

उन्हाळ्यात एअर पंप चालूच ठेवा. उरलेले मासे सुरसागर तलावात अजिबात सोडायचे नाहीत.