मुलांसाठी पहिलं एअर पिस्तूल घेताय? या चुका टाळा

पोराला जिल्ह्याच्या स्पर्धेत एखादं मेडल मिळालं, किंवा कोच सहज बोलून गेले की "हिचं होल्डिंग चांगलंय", की घरात विषय निघतोच, आता स्वतःचं पिस्तूल घ्यायला पाहिजे. मग बाबा रात्री जागून यूट्यूबवर स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी यांचे व्हिडिओ बघतात आणि दुसऱ्या दिवशी रेंजवर पहिला प्रश्न येतो, "सर, सगळ्यात बेस्ट कुठलं?"

खरं सांगायचं तर हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. या पाच-सहा कंपन्यांची मॅच पिस्तुलं इतकी अचूक असतात की शिकाऊ मुलाचा स्कोअर पिस्तुलाच्या बॅरलमुळे (नळीमुळे) अडत नाही. तो अडतो हाताला न बसणाऱ्या ग्रिपमुळे (मुठीमुळे), न पेलणाऱ्या वजनामुळे आणि चुकीच्या ट्रिगर सेटिंगमुळे. इथे मी फक्त 10 मीटर एअर पिस्तूलबद्दल बोलतोय, कारण आपल्याकडची बहुतेक मुलं सुरुवात तिथूनच करतात. 25 मीटरचं पॉइंट टू टू, म्हणजे .22 च्या काडतुसाचं पिस्तूल, हा वेगळा विषय, त्याला लायसन्स लागतं आणि वयाचे नियम आहेत, त्यात आत्ता शिरत नाही.

घाईत घेणं

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मनू भाकरची दोन ब्राँझ आली, आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आलं, आणि त्यानंतर शूटिंगची चौकशी करणारे आई-बाबा सगळीकडे दिसायला लागले. गंमत म्हणजे स्वप्नीलला बघून आलेली कितीतरी मुलं पिस्तूल मागतात, आणि तो तर रायफलवाला! सांगायचा मुद्दा, मुलाला रायफल जमणार की पिस्तूल हे आधी ठरू दे. काही महिने अकॅडमीच्या पिस्तुलावर काढायचे, पुण्यात बालेवाडीला काय किंवा तुमच्या गावातल्या छोट्या रेंजवर काय, पण रोजच्या ट्रेनिंगचा कंटाळा येतोय का, उजव्या हाताने मारतोय पण डोळा डावा चालतोय का, एका हाताने उभं राहून तासभर शांत राहता येतं का, हे सगळं त्या काळात फुकटात कळतं. नवं युरोपियन मॅच पिस्तूल म्हणजे लाखाच्या वरचा खर्च, आणि मग पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर भरणं, छर्रे, रेंजची फी हे वेगळंच. तीन महिन्यांनी पोरगं म्हणालं मला बॅडमिंटन खेळायचंय तर काय करणार?

ग्रिप न बघता मॉडेल ठरवणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी.

मॅच पिस्तुलाची लाकडी ग्रिप साइजप्रमाणे येते, एक्स्ट्रा स्मॉल, स्मॉल, मीडियम, लार्ज, आणि डाव्या-उजव्या हाताची वेगळी. दुकानदाराकडे जे पडलेलं असतं ते बहुतेक वेळा मीडियम राइट. बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात ते दिलं की ती बोट ताणून ट्रिगरपर्यंत पोचते, आणि पालकांना वाटतं, पोचतंय की बोट! पण बोट नुसतं पोचून चालत नाही, पहिल्या पेराचा मऊ भाग ट्रिगरवर सरळ बसला पाहिजे आणि बाकीचं बोट ग्रिपला कुठेही चिकटता कामा नये, नाहीतर ट्रिगर दाबताना पूर्ण पिस्तूलच बाजूला ढकललं जातं आणि छर्रा मधल्या दहाच्या गोलाऐवजी जातो आठात.

ग्रिप तपासायची सोपी पद्धत सगळे कोच वापरतात. पिस्तूल रिकामं आहे ना हे आधी बघायचं, मुलाने नीट पकडायचं, डोळे मिटायचे, हात टार्गेटच्या उंचीला न्यायचा, दोन श्वास घ्यायचे आणि डोळे उघडायचे. पुढची साइट (नेम धरायची पट्टी) मागच्या साइटच्या खाचेत साधारण मध्यभागी दिसली तर ग्रिप बसतेय. प्रत्येक वेळी ती डावीकडेच किंवा खालीच दिसत असेल तर ग्रिपचा कोन या हाताचा नाही. हे एकदा नाही, दहा-बारा वेळा करायचं, मधे पिस्तूल खाली ठेवून हात सैल सोडून परत पकडायचं. चांगल्या ग्रिपची खूण हीच की हात दर वेळी आपोआप त्याच जागी जाऊन बसतो.

आणि कृपा करून वाढत्या अंगाचा गणवेश घेतो तशी ग्रिप घेऊ नका. "पुढच्या वर्षी हात मोठा होईलच" म्हणून घेतलेली मीडियम ग्रिप वर्षभर मुलाला चुकीचं पकडायला शिकवते आणि ती सवय मग काढता काढता कोचच्या नाकी नऊ येतात. ग्रिप वेगळी विकत मिळते, पिस्तूल तेच ठेवून दोन वर्षांनी ग्रिप बदलता येते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

थोडाफार फरक असेल तर कानस आणि एम-सील किंवा वुड पुटी लावून ग्रिप जुळवून घेतात, ते चालतं. पण घरी रविवारी बसून काकांनी कानस चालवायची नाही, लाकूड एकदा गेलं की गेलं. कोच समोर असताना, थोडं घासून, मारून बघून, परत थोडं. आणि नियम लक्षात ठेवा: पूर्ण पिस्तूल 420 बाय 200 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत मावलं पाहिजे. पुटी चढवून चढवून ग्रिप जाड झाली की 50 ची रुंदी ओलांडते आणि इक्विपमेंट चेकला मुलगा रडवेला होतो. ग्रिपचा कुठलाही भाग मनगटाला टेकता कामा नये, हेही तिथेच बघतात. खालची पाम शेल्फ (तळहाताखाली येणारी, वर-खाली होणारी फळी) इतकी वर करून आवळायची नाही की हात शिकंजात अडकल्यासारखा वाटेल, नुसती टेकली तरी पुरे.

वजन एकदा उचलून ठरवणं

नियमात कमाल वजन 1500 ग्रॅम आहे, किमान काही नाही. बहुतेक पिस्तुलं किलोच्या आसपास. दुकानात मुलगा पिस्तूल एकदा उचलतो, म्हणतो "हलकंय बाबा!", आणि निर्णय होतो. पण मॅच म्हणजे 60 शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर 75 मिनिटांत, त्याआधी 15 मिनिटं तयारी आणि साइटर (न मोजले जाणारे सरावाचे शॉट), आणि मधे मधे शॉट न सोडता हात खाली घेतलेला तो वेगळा. म्हणजे एका हाताने शंभर वेळा उचलणं आलंच. त्यामुळे बघायचं ते तिसाव्या-चाळिसाव्या वेळेला. कंबर मागे झुकायला लागली, खांदा कानाकडे चढला, मनगट खाली पडायला लागलं, तर ते पिस्तूल आत्ता जड आहे. आत्ता जड असताना रेटलं तर खांद्याचं आणि पाठीचं दुखणं ठरलेलं.

लहान चणीच्या मुलांसाठी शॉर्ट किंवा कॉम्पॅक्ट मॉडेल येतात, बॅरल आणि सिलिंडर आखूड, पुढचा भार कमी. काही पालकांना ते कमी दर्जाचं वाटतं, तसं अजिबात नाही. दोन्ही साइटमधलं अंतर थोडं कमी होतं एवढंच, उलट थरथर कमी दिसते म्हणून मुलं ट्रिगरकडे लक्ष देऊ शकतात. वजन वाढवायचे छोटे तुकडे नंतर लावता येतात, जड पिस्तूल हलकं करता येत नाही.

ट्रिगर हलका केला की स्कोअर वाढतो हा समज

एअर पिस्तूलचा ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा पाहिजे. म्हणजे बॅरल उभी धरून 500 ग्रॅमचं टेस्ट वेट ट्रिगरला लटकवलं तर ते उचललं गेलं पाहिजे, ट्रिगर सुटता कामा नये. मॅचनंतर रँडम तपासणीत यात नापास झालं तर स्कोअर कितीही असो, डिसक्वालिफाय. म्हणून अगदी काठावर 500 ठेवू नका, थोडा वर ठेवा, वापरून वापरून सेटिंग सरकतं. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो, आधी थोडा मागे येऊन अडतो आणि मग सुटतो; या पहिल्या आणि दुसऱ्या स्टेजमधला फरक बोटाला स्पष्ट कळला पाहिजे. सगळं वजन पहिल्या स्टेजला टाकून दुसरी अगदी नाजूक केलेली सेटिंग सीनियर लोक वापरतात, नवख्या मुलाच्या हातून त्यात शॉट नको तेव्हा सुटतात.

मग इलेक्ट्रॉनिक की मेकॅनिकल? इलेक्ट्रॉनिक ट्रिगर दर वेळी एकसारखा सुटतो, ड्राय प्रॅक्टिसला (छर्रा न घालता केलेल्या सरावाला) सोपा, पण बॅटरी लागते, किंमत जास्त आणि बिघडलं तर गल्लीतला माणूस उघडून देऊ शकत नाही. पहिल्या पिस्तुलाला मेकॅनिकल पुरेसा आहे असं माझं स्पष्ट मत. इलेक्ट्रॉनिक घेतलंच तर किट बॅगेत जादा बॅटरी हवीच. बिघाड कोणाच्याही पिस्तुलात होऊ शकतो म्हणा, 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये क्वालिफिकेशन चालू असताना मनूच्याच पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत मोलाचा वेळ गेला, 575 वर ती बारावी राहिली आणि फायनल हुकली. त्यामुळे विकत घेताना विचारायचा खरा प्रश्न असा: याचे सील, स्प्रिंग, पार्ट आपल्याकडे मिळतात का, आणि दुरुस्त करणारा माणूस पुण्या-मुंबईत आहे का? तुमच्या रेंजवर चार जणांकडे जी कंपनी आहे ती घेण्यात फायदा हाच, अडीनडीला एखादा पार्ट कोणाकडे तरी निघतो.

हवा आणि छर्रे यात काटकसर

सिलिंडर साधारण 200 बार दाबापर्यंत भरतात, त्याच्यावर नाही. स्कूबाचा मोठा सिलिंडर किंवा चांगला कॉम्प्रेसर, आणि हवा कोरडी. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत हॅंडपंपाने भरत राहिलं की पाणी आत जातं आणि सील आणि हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर खराब होतात. आणि ऑक्सिजनचा सिलिंडर जोडायचा विचारसुद्धा करू नका, हॉस्पिटलमधल्या ओळखीने मिळतो वगैरे काही नको, तेल-ग्रीसशी संबंध आला की स्फोट होऊ शकतो.

छर्रे चपट्या डोक्याचे मॅच पेलेट, 4.5 मिलिमीटर. डब्यावर हेड साइज 4.49, 4.50 असं लिहिलेलं असतं आणि प्रत्येक बॅरलला वेगळं मानवतं, तेव्हा एकदम वीस डबे घेऊन ठेवायच्या आधी दोन-तीन प्रकार मारून बघा. शिशाचे असतात म्हणून प्रॅक्टिस झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मग वडापाव. हे मुलांना दहा वेळा सांगावं लागतं.

सेकंड हँड घेताना नुसतं चकाकणं बघणं

जुनं पिस्तूल घेणं वाईट नाही, उलट बजेट कमी असेल तर तेच करा. पण आधी सिलिंडरवरची तारीख वाचा. एअर सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, मुदत संपलेला सिलिंडर मॅचला चालत नाही आणि धोक्याचाही आहे. पिस्तूल स्वस्तात मिळालं आणि वर दोन नवे सिलिंडर घ्यावे लागले तर कसली बचत? सिलिंडर भरून रात्रभर ठेवायला सांगा, सकाळी गेज उतरलं असेल तर लीक आहे. भरायचा अडॅप्टर, ॲलन की, ओरिजिनल बिल हे सगळं बॉक्समध्ये आहे का बघा. 4.5 मिमीच्या आणि 20 ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला लायसन्स लागत नाही, पण विकणारा ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो. कागद नसलेला सौदा करू नका, प्रवासात आणि स्पर्धेला जाताना तेच कागद उपयोगी पडतात.

पिस्तूल घेतलं, आता स्कोअर पडतोय

हा फोन कोचला हमखास येतो. "सर, पिस्तूलच खराब निघालं." तसं असू शकतं, पण क्वचित. आधी हे बघा.

उजव्या हाताच्या मुलाचे शॉट खाली-डावीकडे जात असतील तर तो ट्रिगर झटकतोय किंवा शॉट सुटताना पूर्ण पंजा आवळतोय, साइटचे स्क्रू फिरवून ते बरं होत नाही. शॉट वर-खाली उभ्या रेषेत पसरत असतील तर आधी गेज बघा, हवा कमी झाली की वेग कमी होतो आणि छर्रे खाली पडतात. हवा ठीक असेल तर मनगट सैल पडतंय किंवा दम संपतोय, म्हणजे परत वजनाचा मुद्दा. पहिल्या दहा शॉटचा ग्रुप (टार्गेटवरचा भोकांचा पुंजका) छान, मग पाणी प्यायला पिस्तूल ठेवलं आणि पुढचा ग्रुप दुसरीकडेच, असं असेल तर ग्रिप दर वेळी वेगळी पकडली जातेय. ग्रुप कुठेही आणि कसाही असेल तर छर्रे बदलून बघा, बॅरल साफ करा, साइटचे आणि ग्रिपचे स्क्रू घट्ट आहेत का ते बघा, सैल ग्रिप स्क्रूने भल्याभल्यांना दोन-दोन आठवडे फिरवलंय.

एवढं करून शंका उरलीच तर पिस्तूल क्लॅम्पमध्ये लावून दहा छर्रे मारून घ्या, किंवा रेंजवरच्या एखाद्या चांगल्या सीनियरला दहा शॉट मारायला द्या. टार्गेटवरचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा आहे, क्लॅम्पमधले सगळे छर्रे त्याच्या आत एकाच भोकात जायला हवेत. गेले तर पिस्तूल ठीक आहे आणि पोराला ड्राय प्रॅक्टिसला उभं करा. नाही गेले तर वॉरंटीत पाठवा, आणि ते परत येईपर्यंत अकॅडमीचं पिस्तूल आहेच.