इंदूरला जाताना रात्रीचा सराफा ध्यानात ठेवून दिवस आखावा

इंदूरला एकच दिवस मिळणार असेल, तर राजवाडा दुपारनंतर पाहावा. कारण त्याच्या मागेच असलेल्या सराफा बाजारात दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर खाद्यपदार्थांचे ठेले लागतात आणि साधारण रात्री नऊनंतर भरात येणारा हा बाजार मध्यरात्र उलटली तरी चालू असतो. होळकरांच्या या सातमजली वाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडी आहेत, हे चौकात उभे राहून पाहिल्यास चांगले कळते. तेथून कृष्णपुरा छत्र्या, म्हणजे होळकर घराण्यातील व्यक्तींची दगडी स्मारके, चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि तेथील कोरीवकामासाठी उजेड असतानाच पोहोचणे बरे.

सकाळी पोहे-जिलबी खावी. येथील पोहे वाफेवर गरम ठेवलेले असतात आणि त्यांवर शेव व जिरावण हा मसाला भुरभुरतात. आपल्या फोडणीच्या पोह्यांशी तुलना करत बसू नये. दुपारी मात्र जेवण जवळजवळ टाळावे. सराफ्यात भुट्ट्याचा (मक्याच्या कणसाचा) कीस, साबुदाण्याची खिचडी, दहीवडा आणि मावाबाटी ही खव्याची मिठाई असा क्रम ठेवून दोघांत एकच बशी घ्यावी, कारण मावाबाटी इतकी जड असते की ती आधी खाल्ल्यास पुढचे सारे राहून जाते. तळलेला गराडू हा कंद हिवाळ्यातच मिळतो, म्हणून शक्य असल्यास डिसेंबर-जानेवारीत जावे. बाजारातल्या गल्ल्या अरुंद असल्याने गाडी दूर लावून पायीच आत शिरावे.